बेघरांसाठी एक दार (कडीसह)

मनुष्य घरात राहतो, हा एक भाबडा समज आहे. मनुष्य दारामागे राहतो. छप्पर उडालं, भिंत खचली, पण दार शाबूत असेल तर शासनाच्या दृष्टीने तिथे कुटुंब आहे. आणि दार नसेल तर दहा माणसं पंगतीला बसलेली असली तरी तिथे कोणी नाही. हे तत्त्व मी पोथीत वाचलं नाही, समितीत बसून शिकलो. मी टिकाराम, पवनीतल्या बिछायत केंद्राचा मालक. मंडप, गाद्या, कढया, खुर्च्या, स्वागताची कमान, सगळं भाड्याने देतो. आरोग्याच्या 'एकही महिला वंचित राहू नये' या तालुका समितीवर मी प्रतिष्ठित नागरिक म्हणून आहे. (प्रतिष्ठित म्हणजे ज्याच्या खुर्च्यांवर समिती बसते तो.)

आमच्याकडे आरोग्याचं काम खडूवर चालतं. पोलिओचे डोस आले तेव्हापासूनची ही पद्धत. टीम येते, पोराच्या तोंडात दोन थेंब टाकते आणि दारावर खडूने तारीख, टीमचा नंबर आणि पुढच्या घराकडे जाणारा बाण काढते. मग मागून साहेब येतात तपासायला. ते पोराला तपासत नाहीत, दार तपासतात. यात मोठा विचार आहे. पोरगं शाळेत जातं, मामाच्या गावी जातं, विचारलं तर भोकाड पसरतं. दार कुठे जात नाही आणि उलट बोलत नाही. पोलिओनंतर हत्तीरोगाच्या गोळ्या आल्या, त्यांची खूण दारावर. कुष्ठाचा सर्व्हे, क्षयाचा सर्व्हे, खुणा दारावर. माझ्या दारावर आता एवढं आरोग्य साचलं आहे की गेल्या दिवाळीला रंगारी म्हणाला, "भाऊ, याच्यावर रंग मारू का ठेवू?" ठेव म्हणालो. पुरावा आहे.

तर यंदा मोहीम आली ती गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची तपासणी. समितीत आम्ही सगळे संसारी पुरुष, त्यामुळे हा शब्द कोणी उच्चारला नाही. विषयपत्रिकेवर तो तिसरा होता, म्हणून आम्ही त्याला 'विषय तीन' म्हणत असू. "विषय तीनची प्रगती काय?" "विषय तीनमध्ये जनजागृती पाहिजे." एका बैठकीत विषयांचा क्रम बदलला आणि विषय तीन म्हणून आम्ही अर्धा तास मोकाट जनावरांवर बोललो. इतिवृत्त कायम झालं तेव्हासुद्धा कोणाला फरक जाणवला नाही.

शब्द उच्चारला तो एकट्या रश्मी सिस्टरने. आरोग्य केंद्रातली नर्स, वयाने लहान, आणि लाज अशी काही नाहीच. सरळ उभी राहिली आणि सांगायला लागली, की सिरक्यासारखं एक पाणी लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पाहायचं. पांढरा डाग उमटला की पुढचा उपचार. लवकर सापडलं तर बाई वाचते. उशिरा सापडलं तर नागपूरच्या चकरा, आणि मग चकराही थांबतात. हे चालू असताना सदस्य मंडळी पंख्याकडे पाहत होती. (पंखा बंद होता.)

"फक्त एक अडचण आहे," सिस्टर म्हणाली. "तपासणीच्या खोलीले दार नाही. वाळवीनं खाल्लं ते काढून नेलं, नवं आलंच नाही. समोर माणसांची लाइन असते जी. बाया तपासायले येतात, खोली पाहतात अन् परत जातात. एक दार द्या, बाकी मी पाहून घेते."

मागणीची नोंद घेण्यात आली. दारासाठी तरतूद नव्हती. टेबल आलं होतं, दिवा आला होता, हातमोजे आले होते. 'लाजू नका, तपासणी करा' असं लिहिलेला फलकसुद्धा आला होता, आणि दार नसल्यामुळे तो बाहेरून फार छान दिसायचा.

पद्धत अशी ठरली. आशाताईने घरोघर जायचं. दारात विचारायचं, घरी महिला किती. दारावर खूण करायची, दाराचा फोटो मोबाइलच्या ॲपवर टाकायचा. ॲपने दार ओळखलं की टोकन निघतं, टोकन घेऊन बाईने केंद्रावर जायचं. टक्केवारी दाराच्या फोटोवरून. बाई खरंच केंद्रावर पोचली का, हे मोजायची सोय ॲपच्या पुढच्या आवृत्तीत येणार आहे. (तिकडे जवाहरनगरच्या क्वार्टरांची दारं इतकी एकसारखी निघाली, की ॲपने दोनशे घरांत मिळून एकच बाई राहते असं कळवलं. ते नंतर दुरुस्त झालं.)

माझ्या घरी शोभाताई आल्या. आमच्या वॉर्डाच्या आशाताई, फार कामसू बाई. दार मीच उघडलं.

"घरी महिला किती, भाऊ?"

"एक. ठीक आहे."

"वहिनीले एकदा विचारता का?"

"ठीक आहे म्हटलं ना."

खूण झाली. मी त्यांना बसवलं, चहा पाजला. चहा शकुंतलाबाईनेच करून आणला, म्हणजे ठीकच आहे ना! अलीकडे आमच्या शकुंतलाबाईला जरा अशक्तपणा आहे. कंबर धरून बसते, धुण्याच्या बाईला स्वतःची लुगडी देत नाही, आपलीच धुते. वयाचं आहे. मी तिला लाल रंगाचं टॉनिक आणून दिलं. महाग असतं ते.

महिनाभरात आमचा तालुका सत्त्याण्णव टक्क्यांवर गेला. वीरेंद्र साहेब, म्हणजे आमचे तालुका पर्यवेक्षक, बैठकीत टेबलावर थाप मारून म्हणाले, "अप्रतिम!" मग त्यांचा चेहरा उतरला. उरलेले तीन टक्के कोण, असं वरून विचारलं होतं. कुलूपबंद घरं वजा केली, तेव्हा उरल्या त्या बेघर बाया.

बेघर म्हणजे कोण, हे ठरवण्यात दोन बैठका गेल्या. त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. वैनगंगेच्या घाटावर राहणाऱ्या 'यात्रेकरू' ठरल्या. मंदिराच्या ओट्यावरच्या 'भाविक' ठरल्या. पिंपळाखाली राहणाऱ्या दोघींबद्दल वनविभागाचं मत मागवलं. बसस्टँडवर राहणाऱ्या साहजिकच 'प्रवासी'. सहा वर्षं एका बाकड्यावर बसलेल्या बाईला प्रवासी कसं म्हणायचं, अशी एकाने शंका काढली. पण आमच्याकडच्या बसची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांनी त्याला गप्प केलं. पहिली बैठक सुरू झाली तेव्हा बेघर महिला एकोणीस होत्या, दुसरी संपली तेव्हा तीन. इतक्या कमी वेळात एवढं निर्मूलन दुसऱ्या कुठल्या तालुक्यात झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या तिघींपैकी एक भंडाऱ्याकडे निघून गेली, एक नागपूरच्या रस्त्याला लागली. उरली पंचफुलाबाई.

पंचफुलाबाईला आम्ही रीतसर प्रवासी केलं होतं. तिने ऐकलं नाही. "मी काहून प्रवासी? मले कुठीच जायाचं नाही," म्हणाली. कोंढ्याकडच्या एका गावची बाई. नवरा गेला, तेराव्याची पंगत उठली आणि दिराने दाराला आतून कडी घातली. दोन दिवस ती त्या दारासमोर उभी होती. तिसऱ्या दिवशी पवनीला आली आणि बसस्टँडवरच्या तेजरामच्या चहाच्या टपरीमागे राहिली. कपबश्या विसळते, त्यावर दोन वेळचं भागतं. आवाज असा की फलाटावरची बस तिने हाक मारली म्हणून थांबावी.

आणि अडचण अशी, की या बाईला तपासणी हवी होती. तालुक्यातल्या हजारो बायकांमागे लागून आम्ही दमलो, त्यांतली एक हो म्हणेना. आणि ही स्वतःहून आली. शोभाताई बसस्टँडवर दिसल्या की हिचं सुरू. "बाई, मले तपासा ना वं. पाळी बंद होऊन सात वर्सं झाली, अन् आता पुन्हा अंगावरून रक्त जाऊन राह्यलं. हे कायचं आहे? मले भेव वाटते." हे सगळ्यांसमोर, भज्यांच्या कढईशेजारी! तेजराम बिचारा मान खाली घालून भजी करपवायचा.

शोभाताईने सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणाली, "लक्षण चांगलं नाही, तिले लवकर आणा." वीरेंद्र साहेब म्हणाले, "जरूर आणा. टोकन?"

टोकनला दार लागतं. शोभाताईने टपरीचा फोटो काढला. ॲप म्हणालं, 'दार आढळले नाही.' टपरीला ताडपत्री आहे. तिकिटाची बंद खिडकी टाकली. 'ही खिडकी आहे. कृपया दार टाका.' (ॲप हुशार आहे, हे शत्रूनेही मान्य करावं.) बसस्टँडच्या महिला प्रसाधनगृहाचं दार टाकायला गेल्या, पण त्याला दारच नाही. मंदिराचं दार टाकलं तर ॲपने लगेच ओळखलं आणि सांगितलं, की या घरातल्या महिलांची नोंद झालेली आहे. शेवटी शोभाताईने बाईचाच फोटो टाकला. उत्तर आलं, 'दार आढळले नाही.'

"सिस्टर, टोकनशिवाय नुसतं पाहता येणार नाही का?" मी विचारलं. मी दगड नाही.

सिस्टरच्या आधी वीरेंद्र साहेबच बोलले. "पाहता येईल. पण टोकनशिवाय जे दिसेल ते अधिकृत नसेल. अन् अधिकृत नसलेला आजार आपण नागपूरले कसा पाठवायचा, टिकारामभाऊ?" प्रश्न बिनतोड होता. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर समितीला कळवा.

तेव्हा खास बैठक झाली. एकाने सुचवलं, पवनीची जुनी वेस सगळ्या बेघरांचं सामाईक दार समजावी. पण वेस पुरातत्त्वची, तिला खडू चालत नाही. दुसरा म्हणाला, बाईचं लग्न लावून द्या, दार आपोआप येईल. त्याला खाली बसवलं. मी माझी स्वागताची कमान देऊ केली, फुलांसकट. लेखापरीक्षणवाल्यांनी हरकत घेतली, की कमानीला कडी नाही, आणि ज्याला कडी नाही ते दार नव्हे. अखेर ठराव झाला: बेघर महिलांसाठी एक फिरतं दार, कडीसह, तातडीने उपलब्ध करून द्यावं. तरतूद निघाली. बेघरांसाठी म्हटलं की निघते.

"ते दार माह्या खोलीले बसवा ना," रश्मी सिस्टर म्हणाली.

तिला समजावून सांगण्यात आलं, की खोलीला छप्पर आहे. खोली बेघर नाही.

दार एका पाडलेल्या सरकारी क्वार्टरचं मिळालं. निळा रंग, भक्कम सागवानी, आणि त्यावर पत्र्याची पाटी: 'कुत्र्यापासून सावध राहा.' पाटी काढायला वेगळी परवानगी लागत होती, म्हणून राहू दिली. दार ठेवायची जबाबदारी माझ्या गोदामावर, न्यायला माझी हातगाडी, धरायला माझी दोन माणसं. वापराचे नियम वीरेंद्र साहेबांनी स्वतः लिहिले. मला ते तोंडपाठ आहेत.

१. दार जमिनीशी काटकोनात उभे करावे. तिरपे दार ग्राह्य नाही.

२. दोन इसमांनी दोन बाजूंनी धरावे व धरताना मागे पाहू नये.

३. लाभार्थी महिलेने दारामागे थांबावे. कडी वाजण्यापूर्वी दिसू नये.

४. आशाताईंनी कडी तीनदा वाजवावी. आतून "कोण आहे?" असे विचारले गेल्याशिवाय भेट वैध नाही.

५. दार पावसात भिजणार नाही याची दक्षता घ्यावी. (महिलेचा उल्लेख या कलमात नाही.)

पहिल्या दिवशी बसस्टँडवर ही गर्दी! माझ्या माणसांनी दार उभं केलं, पंचफुलाबाई मागे गेली, शोभाताईने कडी वाजवली.

"कोन आहे वं?"

"मी शोभा, आशाताई."

"मंग ये ना! दार कायले ठोकून राहिली? बाजूनं मी दिसत नाही का तुले?"

लोक हसले. शोभाताईसुद्धा हसल्या, मग नियम आठवून गप्प झाल्या. पंचफुलाबाईने दार उघडलं. उघडलं म्हणजे माझ्या दोन माणसांनी एक बाजू पुढे सरकवली. खूण झाली, फोटो गेला आणि ॲपवर हिरवा टिळा उमटला: 'दार आढळले. अभिनंदन!' बसस्टँडवर टाळ्या पडल्या. तेजरामने सगळ्यांना चहा फुकट पाजला. पंचफुलाबाई त्या दाराकडे पाहत होती आणि एकदम पदर डोळ्याला लावून म्हणाली, "चला जी आता. तपासा मले."

टोकन आलं नाही. दुसऱ्या दिवशी वरून आक्षेप आला, आणि खरं सांगू, तो अगदी नियमाला धरून होता. लाभार्थीने स्वतःचं दार उघडलं असल्याने ती बेघर राहिलेली नाही, सबब बेघर योजनेत तिचं टोकन निघणार नाही. तिने सर्वसाधारण योजनेत विजेचं बिल घेऊन यावं.

वीरेंद्र साहेब रात्रभर विचार करून आले. (डोळे लाल होते, म्हणून सांगतो.) म्हणाले, चूक आपलीच. बेघर बाई दाराच्या आत असूच शकत नाही. ती दाराच्या बाहेर पाहिजे. दार बंद पाहिजे. तेव्हाच ती बेघर. नियम तीनमध्ये दुरुस्ती झाली: 'लाभार्थी महिलेने बंद दाराबाहेर उभे राहावे.'

याचा पंचफुलाबाईला चांगला सराव होता, दिराने दोन दिवस करून घेतला होता. ती बंद दारासमोर उभी राहिली, एक हात पोटावर धरून. आवाजाची बाई गप्प झाली की जागा ओकीबोकी वाटते. माझ्या माणसांपैकी एकाने मान फिरवली. शोभाताईने कडी वाजवली, आतून कोणी "कोण आहे?" विचारलं नाही, कारण आत कोणी नव्हतं. आता अशा दारावर काय खूण करायची ते पोलिओपासून ठरलेलं आहे. फुली. 'घर बंद. टीम पुन्हा येईल.'

टीम पुन्हा गेली. घर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गेली. 'कुटुंब बाहेरगावी' अशी नोंद झाली. पंचफुलाबाई दरवेळी समोरच उभी होती.

या सगळ्यात धान कापणीला आलं. तिचं रक्त थांबलं नव्हतं. तेजराम मला बाजारात भेटला, म्हणाला, "भाऊ, बाई वाळून चालली. कपबशी हातातून सुटते तिच्या. काई करा ना." मी त्याला सांगितलं, पुढच्या बैठकीत विषय तीन आहे.

तो काय समजला देव जाणे. मंगळवारी सकाळी माझ्या गोदामावर तेजराम, पंचफुलाबाई आणि माझीच दोन माणसं. दार हातगाडीवर चढलेलं. मी ओरडलो, "अरे, कुठी नेऊन राह्यले सरकारी दार?"

"टिकारामभाऊ, बाजूले व्हा," पंचफुलाबाई म्हणाली. "त्या पोरीनं एक दार मांगतलं होतं ना? मी घेऊन चालली."

हातगाडी बाजारातून गेली. पुढे बाई, मागे दार, त्याच्या मागे मी, कारण जबाबदारी माझी. आरोग्य केंद्रात माणसांची नेहमीची लाइन लागली होती. खोकला, ताप, कुत्रा चावलेले. पंचफुलाबाई सिस्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "हे घे दार, पोरी. लाव अन् तपास मले. टोकन-गिकन मले सांगू नको."

सिस्टर उठली. मग तिने आत जाऊन तपासणीच्या टेबलावरचा प्लॅस्टिकचा कागद फाडला. तेव्हा मला समजलं की तो आजवर कोणी फाडलाच नव्हता. सत्त्याण्णव टक्के झाले होते आणि टेबल कोरं करकरीत होतं! माझ्या माणसांनी चौकटीच्या तोंडाशी दार उभं धरलं, काटकोनात, मागे न पाहता. पाटी बाहेरच्या बाजूला आली. 'कुत्र्यापासून सावध राहा.' लाइनमधली माणसं आपणहून चार पावलं मागे सरली. कुत्रा चावलेला तर पार गेटाबाहेर गेला.

मिनिटभर लागतं असं सिस्टर म्हणाली होती, मिनिटभरच लागलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मला म्हणाली, "डाग आहे, भाऊ. उद्या नाही, आज नेते मी तिले." रजा टाकली आणि स्वतः घेऊन गेली.

नागपूरला पुढचं सगळं झालं. गाठ सुरुवातीच्या पायरीवर सापडली. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने गेले असते तर हाती काही राहिलं नसतं. पंचफुलाबाई उपचार घेऊन परत आली, पुन्हा टपरीमागे कपबश्या विसळते. हाडं दिसतात, पण आवाज आला आहे. परवा तिने फलाट चुकवून उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरचा उद्धार केला, तेव्हा सगळ्या बसस्टँडला बरं वाटलं. मलाही वाटलं.

आता यात अनियमितता झाली, हे नाकारता येत नाही. बेघरांसाठीचं दार छप्पर असलेल्या खोलीला वापरलं, म्हणून सिस्टरला खुलासा विचारला. दार परत घेण्यात आलं. सध्या ते माझ्या गोदामात गाद्यांच्या मागे आहे. आणि पंचफुलाबाईची तपासणी टोकनशिवाय झाल्याने ती झाली असं धरता येत नाही. वार्षिक अहवालात असं आलं, की तालुक्यात ज्यांच्या दारावर खूण आहे त्या सर्व महिला तपासलेल्या आहेत, आणि जिची तपासणी बाकी आहे ती एकच, पंचफुलाबाई. अहवालाला पारितोषिक मिळालं. समारंभाच्या खुर्च्या माझ्या होत्या.

मी ते प्रशस्तिपत्र घरी आणून शकुंतलाबाईला दाखवलं. तिने ते हातात घेतलं नाही. ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, कंबर धरून.

"त्या बाईले कसं समजलं म्हणते, का काही आहे म्हणून?" तिने विचारलं.

"अंगावरून जात होतं. कोणालेही सांगत सुटली होती. लाज ना शरम."

"दुखलं का तिले? तपासताना?"

"मले काय मालूम! मी बाहेर होतो."

तिने लुगडं सारखं केलं. मग म्हणाली, "ते दार आता कुठी आहे?"

"आपल्या गोदामात. काहून?"

"एक दिवस मले भेटते का?"

आता काय म्हणावं या बाईला! मी हसलो. म्हटलं, "अवं, ते बेघरांसाठी आहे. तुले कायले पायजे? तुले तर घर आहे, हे एवढं मोठं दार आहे, त्याच्यावर खूण आहे. हे पाय, वाच. 'तपासणी पूर्ण.'" तिने वाचलं. "हो," म्हणाली, आणि उठून आत गेली. उठताना तिला खांबाचा आधार घ्यावा लागला. टॉनिकची बाटली संपलेली असावी, उद्या दुसरी आणतो.

तुम्ही हसलात ते मला कळलं. शेवटी माझा रागही आला असेल. येऊ द्या. पण खूण तुमच्याही दारावर आहे, तुमचा नंबर माझ्यापुढच्या बाणावरच आहे. त्या दिवशी दार तुम्हीच उघडलं होतं आणि "ठीक आहे" तुम्हीच सांगितलं होतं. घरातून कोणी बोलल्याचं शोभाताईला आठवत नाही. तेव्हा घाबरून आत हाक मारायची काही गरज नाही. हे वाचता वाचता तुमच्या शेजारी चहाचा कप येऊन ठेवला गेला आहे ना? मग झालं. ठीकच आहे.